गाडी सुरू का होत नाही? : किक मारण्यापूर्वी थोडा विचार



आपल्या बालाघाट जिल्ह्यात घरटी एक तरी मोटारसायकल आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. वारासिवनी, लालबर्रा, किरनापूर किंवा बैहरच्या बाजूने येणाऱ्या पालकांची तर सगळी मदार तिच्यावरच असते. दूध पोचवायचे असो, धानाचे बियाणे आणायचे असो, आजारी माणसाला जिल्हा रुग्णालयात न्यायचे असो किंवा मुलीला परीक्षा केंद्रावर सोडायचे असो, आधी गाडी सुरू झाली पाहिजे. पावसाळ्यात आणि पौष-माघाच्या थंडीत ती नेमकी सुरू होत नाही. मग पंधरा-वीस किका, ढकलाढकली, घाम आणि शेवटी मिस्त्री.

मिस्त्रीविषयी मला आदरच आहे. परंतु बऱ्याच ठिकाणी काय होते, तर आधी प्लग बदलला जातो, मग कार्बोरेटर उघडला जातो, मग सीडीआय बदलला जातो, आणि तीन वस्तूंचे पैसे दिल्यावरही दोष तिथेच राहतो. अंदाजाने पार्ट बदलत जाणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही. डॉक्टर जशी आधी नाडी पाहतो, तशी गाडीची नाडी पाहण्याची एक पद्धत आहे. ती नववी-दहावीच्या विज्ञानाच्या बाहेरची नाही, म्हणून हा लेख.

इंजिनाला काय काय लागते

पेट्रोल इंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, त्या मिश्रणावर पडणारा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे चौदा-पंधरा भाग हवा लागते. पिस्टन वर येताना हे मिश्रण दाबून सुमारे नऊ-दहापट कमी जागेत कोंबतो आणि पिस्टन अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी प्लगमध्ये ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर चार स्ट्रोकच्या इंजिनात सेकंदाला पन्नास वेळा हा स्फोट व्हावा लागतो. तिन्हींपैकी एक जरी गोष्ट कमी पडली तरी गाडी सुरू होणार नाही. म्हणजे शोध तीनच दिशांनी घ्यायचा आहे, हे ध्यानात ठेवले की निम्मी घाबरगुंडी संपते.

यातील ठिणगीचा भाग थोडा विस्ताराने सांगतो, कारण पावसाळ्यातील बहुतेक तक्रारी तिथल्याच असतात आणि विद्यार्थ्यांना त्यात आपल्या पुस्तकातला धडा जिवंत सापडेल. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आम्ही ज्याला 'विद्युत चुंबकीय प्रेरण' म्हणत असू तेच मराठी पुस्तकात 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' या नावाने येते, आणि मिस्त्री त्याला नुसते 'करंट' म्हणतो. गोष्ट एकच आहे. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेल्या यंत्राची सुई क्षणभर हलत असे. प्रवाह स्थिर असताना मात्र ती हलत नसे. आपल्या गाडीच्या टाकीखाली जी काळी, मुठीएवढी कॉइल असते ती म्हणजे फॅरडे यांचे तेच कडे. आत कमी वेढ्यांचे एक जाड वेटोळे आणि हजारो वेढ्यांचे दुसरे बारीक वेटोळे. पहिल्यातील प्रवाह एकदम बदलला की दुसऱ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडते. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. या वेटोळ्यांची तार तांब्याची असते. तांब्याची देशातील एक मोठी खाण आपल्याच जिल्ह्यात मलाजखंडला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला नकोच.

पूर्वीच्या राजदूत, येझदी अशा गाड्यांत प्रवाह तोडण्याचे काम 'पॉइंट' करीत. ते घासले, काळे पडले की पॉलिश पेपरने साफ करावे लागत. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांनी सीडीआय घरोघरी पोचवला. यात मॅग्नेटमधील एका वेटोळ्याची वीज एका कंडेन्सरमध्ये दोन-तीनशे व्होल्टपर्यंत साठते. 'पल्सर कॉइल' नावाचे छोटे वेटोळे योग्य क्षणी इशारा देते आणि साठलेली वीज एका झटक्यात मोठ्या कॉइलमध्ये सोडली जाते. अशा जुन्या १०० सीसी गाड्यांपैकी बऱ्याच बॅटरी उतरलेली असली तरी किकवर सुरू होतात, कारण ठिणगीची वीज बॅटरीतून येतच नाही. नवीन गाड्यांचे तसे नाही. त्याकडे पुढे येऊ.

आधी सोपे ते पाहावे

कोणतेही पाने हातात घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. चावी पूर्ण फिरली आहे का, हँडलवरचे लाल बटण 'बंद'कडे तर नाही, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का आणि टाकीत खरोखर पेट्रोल आहे का. टाकी हलवून आवाज ऐकावा. काट्यावर विश्वास ठेवू नये. लाल बटण मुलांच्या खेळात दाबले जाते आणि मोठी माणसे अर्धा तास किका मारीत बसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. काही नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन सुरूच होत नाही. सेल्फ दाबल्यावर नुसता 'टक-टक' आवाज येत असेल तर दोष बहुधा उतरलेल्या बॅटरीचा किंवा तिच्या सैल, पांढरी बुरशी धरलेल्या टोकांचा असतो. तेव्हा किक असल्यास किक मारावी, प्लगच्या मागे लागू नये.

प्लग काय सांगतो

हे सगळे ठीक असूनही आठ-दहा किकांत गाडी सुरू झाली नाही तर थांबावे आणि प्लग काढून पाहावा. प्लग पाना गाडीच्या टूल किटमध्ये मिळतो. प्लगच्या भोवतीची धूळ आधी फुंकून काढावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते.

आता प्लगचे टोक नीट पाहावे. इतक्या किका मारूनही ते कोरडे असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. मग ठिणगीचा शोध सोडून टाकी, कॉक, नळी आणि कार्बोरेटर पाहावा. टोक पेट्रोलने ओले असेल तर पेट्रोल येते आहे पण पेटत नाही. म्हणजे ठिणगी नाही किंवा कमजोर आहे, किंवा चोक ओढून फार किका मारल्यामुळे गाडी 'ओव्हरफ्लो' झाली आहे. टोकावर कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते आहे. अशा वेळी एअर फिल्टर पाहावा. भरवेलीच्या खाण रस्त्यावर किंवा कच्च्या वाटांवर रोज चालणाऱ्या गाडीचा फिल्टर धुळीने फार लवकर बंद होतो. काळेपणा तेलकट असेल तर इंजिनातील ऑइल वर चढते आहे, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलचे काम आहे आणि ते घरी होण्यासारखे नाही. उलट टोक पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. तपकिरी, कॉफीसारखा रंग असेल तर इंजिनाची तब्येत उत्तम समजावी.

प्लगची फट बहुतेक लहान गाड्यांत ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. फट फार वाढली तर ठिणगीला उडी मारता येत नाही, फार कमी झाली तर ठिणगी इतकी लहान पडते की मिश्रण पेटत नाही.

त्यानंतर ठिणगीची परीक्षा. प्लग पुन्हा त्याच्या टोपीत बसवावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवावा, चावी चालू करावी आणि दुसऱ्याने किक मारावी. निळसर, जाड, 'चट्' असा आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी-लालसर, केसासारखी ठिणगी कमजोर. येथे पालकांनी विशेष काळजी घ्यावी. प्लग काढलेल्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, म्हणून प्लग त्या छिद्रापासून दूर टेकवावा आणि छिद्रावर कापड ठेवावे. प्लग उघड्या हाताने धरू नये. रबरी टोपी कोरड्या कापडाने धरावी. जवळ बिडी, सिगारेट, शेगडी काहीही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या विस्तवापर्यंत पोचू शकते. प्लग धातूला न टेकवता किक मारणेही टाळावे. विजेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती कॉइल किंवा सीडीआय फोडून वाट काढते.

एक बारकावा लक्षात ठेवावा. उघड्या हवेत ठिणगी पडली म्हणजे सिलिंडरमध्येही पडेलच असे नाही. दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून ठिणगी कमजोर दिसली तर चांगल्या चालत्या गाडीचा त्याच प्रकारचा प्लग लावून पाहावा. एक चांगला जुना प्लग घरात असणे हे शंभर सल्ल्यांपेक्षा बरे.

दुसऱ्या प्लगनेही ठिणगी येत नसेल तर प्लगकडून मागे मागे जावे. आधी टोपी. तिच्यात ओल शिरते किंवा रबराला बारीक तडा जातो, आणि वीज प्लगमध्ये न जाता तड्यातून इंजिनाच्या धातूत उतरते. रात्री अंधारात इंजिन चालू असताना पाहिले तर कधीकधी टोपीभोवती निळे झगमगणे स्पष्ट दिसते. टोपी फिरवून काढावी, वायरचे हिरवे पडलेले टोक पाव इंच कापून टोपी पुन्हा घट्ट फिरवावी. पावसाळ्यातील निम्मा त्रास एवढ्याने जातो. त्यानंतर चावीचे कुलूप आणि लाल बटण. बऱ्याच जुन्या सीडीआय गाड्यांत ही दोन्ही बटणे ठिणगीची वीज जमिनीत उतरवून इंजिन बंद करतात. आत पाणी शिरले की बटण 'चालू'वर असूनही वीज उतरतच राहते. त्या वायरचा जोड थोडा वेळ वेगळा करून ठिणगी आली, तर दोष बटणात आहे हे सिद्ध झाले. मात्र अशा वेळी गाडी चावीने बंद होणार नाही, हे आधीच ध्यानात ठेवावे. शेवटी कॉइल, पल्सर आणि मॅग्नेट. यांची तार तुटली आहे का हे साध्या मल्टिमीटरने पाहता येते. मोठ्या कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध अगदी थोडा, बारीक वेटोळ्याचा काही हजार ओहम असतो. काटा हललाच नाही तर तार तुटली. सीडीआयची परीक्षा मल्टिमीटरने खात्रीशीर होत नाही. तो सर्वांत शेवटी, दुसऱ्या गाडीचा लावून पाहावा. आपल्याकडे तो सर्वांत आधी बदलला जातो.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

सर्वांत जास्त फसवणारा दोष म्हणजे सकाळी एका किकेत सुरू होणारी, दहा-बारा किलोमीटरवर बंद पडणारी आणि अर्धा तास उभी राहिल्यावर पुन्हा चालू होणारी गाडी. आपल्या एका पालकांच्या गाडीला गेल्या काही पावसाळ्यांपूर्वी हाच आजार जडला होता. गांगुलपाराच्या घाटात ती हमखास थांबायची. नवा प्लग झाला, कार्बोरेटर दोनदा साफ झाला, सीडीआय आणि कॉइल बदलली गेली. खर्च त्यांच्या महिनाभराच्या दुधाच्या उत्पन्नाच्या घरात गेला. एके दिवशी मुलीची दहावीची चाचणी होती. ती घाटात अडकली आणि शाळेत पोचली तेव्हा पहिला पेपर संपत आला होता. चाचणी आम्ही पुन्हा घेऊ शकलो. बोर्डाचा पेपर असता तर ते आमच्या हातात नव्हते.

अशा वेळी तीन शक्यता असतात आणि त्या जागेवरच वेगळ्या करता येतात. गाडी बंद पडताक्षणी टाकीचे झाकण उघडावे. 'फुस्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र बंद आहे. पेट्रोल खाली जाते तशी त्याच्या जागी हवा आत आली पाहिजे. ती आली नाही तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल उतरायचे थांबते. आवाज आला नाही तर लगेच, इंजिन गरम असतानाच, ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल, तर कॉइल किंवा पल्सरच्या आत तार तुटलेली असते. उष्णतेने ती टोके दूर जातात, थंड झाली की पुन्हा टेकतात. दुकानात पोचेपर्यंत गाडी थंड होते आणि मिस्त्रीला दोष दिसतच नाही. ठिणगीही असेल आणि पेट्रोलही, तर टॅपेट फार आवळलेले असण्याची शक्यता आहे. व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी साधारण केसाच्या जाडीएवढी फट लागते. ती नसली तर तापून लांबलेला दांडा व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही आणि दाब निसटतो. किक एकदम हलकी लागू लागते ती यामुळे.

त्या पालकांच्या गाडीत पहिलेच कारण निघाले. पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून त्यांनी झाकणाखाली पॉलिथिनचा तुकडा घट्ट बसवला होता. तो काढल्यावर गाडी घाट चढली. खर्च शून्य. यात मला दोष त्यांचा वाटत नाही. गाडी 'केव्हा' बंद पडते हा साधा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

पेट्रोलमध्ये पाणी आणि इथेनॉल

आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरघळून जाते, पण मर्यादेपेक्षा जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळे बसते, आणि कॉक तर तळाशीच असतो. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी म्हणूनच सुरू होत नाही. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि पाच मिनिटे स्थिर ठेवावे. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी आणि वाटी दोन्ही रिकाम्या करून ताजे पेट्रोल भरावे. प्लॅस्टिकच्या उघड्या डब्यात पेट्रोल घरात ठेवू नये.

ओव्हरफ्लो झालेल्या गाडीसाठी उपाय सोपा आहे. कॉक बंद, चोक बंद, एक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि आठ-दहा किका. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. चोक हा थंडीसाठी आहे. बैहर-मलाजखंडच्या पठारावर जानेवारीच्या पहाटे पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा कमी करून मिश्रण दाट करावे लागते. गरम इंजिनाला चोक देणे म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा ताटावर बसवणे.

नव्या गाड्यांसाठी वेगळे नियम

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. यात पेट्रोल पंप, सेन्सर आणि एक छोटा संगणक असतो, आणि या सर्वांना वीज लागते. चावी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतून 'घूं' असा पंपाचा आवाज यायला हवा. तो आला नाही तर आधी फ्यूज आणि बॅटरी पाहावी. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा सुरू होऊन विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर संगणकाने दोष नोंदवलेला आहे, आणि तो वाचण्याचे यंत्र असलेल्या ठिकाणीच गाडी न्यावी. गाडी आडवी पडली असेल तर काही मॉडेलांत सुरक्षेसाठी इंजिन बंद होते. गाडी सरळ करून चावी एकदा बंद-चालू करावी. या गाड्यांत वायरी काढून प्रयोग करू नयेत. जुन्या गाडीवरचे हात येथे उपयोगी पडत नाहीत.

प्लग परत बसवताना तो आधी बोटांनीच फिरवावा आणि पूर्ण टेकल्यावर पान्याने थोडासाच आवळावा. प्लग लोखंडाचा आणि इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते. सुरुवातच तिरकी झाली तर आटे ॲल्युमिनियमचे जातात आणि ते काम फार महाग पडते.

मिस्त्रीकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्याव्यात. गाडी थंड असताना सुरू होत नाही की गरम असताना, प्लग ओला निघाला की कोरडा, आणि ठिणगी कशी दिसली. बदललेला जुना पार्ट परत मागून घ्यावा. चांगला मिस्त्री या माहितीने खूष होतो.

विद्यार्थ्यांना एक स्पष्ट सूचना. हे सर्व शिकण्यास वयाची अट नाही, मुलींनीही शिकावे. गाडी रस्त्यावर चालवण्यास मात्र अट आहे. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. म्हणून शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांनी आणलेली मोटारसायकल उभी करू दिली जाणार नाही.

विज्ञान प्रयोगशाळेत एक जुनी कॉइल कापून ठेवली आहे. आतील दोन्ही वेटोळी त्यात दिसतात. शेजारी कोरडा, ओला, काजळी धरलेला, तेलकट आणि तपकिरी असे पाच प्लग मांडले आहेत. पालकांना ते शनिवारी शाळा सुटल्यानंतर पाहता येतील. ज्यांच्याकडे पांढरा पडलेला प्लग असेल त्यांनी तो आणून द्यावा, तेवढाच कमी आहे.

— प्राचार्य